काझबेगीच्या डोंगरात जेवायला बसताना : प्रथमच जाणाऱ्यांसाठी

कॉकेशस पर्वतराजीच्या कुशीतल्या जॉर्जिया या देशात अलीकडे मराठी माणसे बरीच जाऊ लागली आहेत. काही सहलीसाठी जातात, काही तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना भेटायला जातात, आणि यांतले बहुतेक जण एक दिवस राखून राजधानी त्बिलिसीपासून उत्तरेला, जुन्या लष्करी रस्त्याने, स्तेपान्त्समिंदा या डोंगरी गावापर्यंत जाऊन येतात. सोव्हिएत काळात या गावाला काझबेगी म्हणत. २००६ साली त्याचे जुने नाव परत आले, तरी बोलण्यात काझबेगीच रुळलेले आहे. अंतर सुमारे १५५ किलोमीटरचे आहे आणि वाटेत अनानुरीचा किल्ला, सुमारे २४०० मीटर उंचीची ज्वारी खिंड आणि शेवटी गेर्गेतीचे चौदाव्या शतकातले चर्च अशी ठिकाणे असल्यामुळे दिवस भरून जातो. (या ज्वारीचा आपल्या भाकरीशी संबंध नाही, जॉर्जियन भाषेत ज्वारी म्हणजे क्रूस.) या धावपळीत जेवणाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो, आणि तोही गाडीचालकाने थांबवलेल्या, बसगाड्यांनी भरलेल्या एखाद्या उपाहारगृहात.

माझे म्हणणे असे आहे की या प्रवासात एखादे ठिकाण कमी पाहिले तरी चालेल, परंतु जेवणाला दोन तास द्यावेत. तिथल्या खानावळीत खिंकाली, म्हणजे मोदकाच्या आकाराची, आत सारण भरून उकडलेली कणकेची पुरचुंडी, मागणी आल्यावर वळायला घेतात, आणि मांस निखारे हवे तसे पडल्यावरच सळईला लावतात. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकासमोर जे येते ते आधीच करून ठेवलेले, पुन्हा गरम केलेले असते. तेवढ्यावरून माणूस घरी येऊन सांगतो की जॉर्जियाचे जेवण बेचव असते. असे ऐकले की मला मनापासून वाईट वाटते, कारण मराठी जिभेला इतके जवळचे परदेशी जेवण मला दुसरीकडे क्वचितच भेटले आहे.

जागा आणि वेळ कशी ठरवावी

या रस्त्यावर जेवणासाठी साधारण तीन टप्पे आहेत. पहिला पासानौरी. पांढरी आणि काळी अशा दोन आराग्वी नद्यांचा इथे संगम होतो आणि हे गाव खिंकालीसाठी देशभर ओळखले जाते. दुसरा टप्पा खुद्द स्तेपान्त्समिंदा, जिथे गावाच्या चौकाभोवती बरीच उपाहारगृहे आहेत. तिसरा टप्पा म्हणजे मुख्य रस्ता सोडून आत जाणारी खोरी : स्नो, त्याच्या पुढे जुता, किंवा दुसऱ्या अंगाला त्रुसो. इथे उपाहारगृह असे फारसे नसते. घराच्याच अंगणात चार टेबले मांडलेली असतात आणि घरातलीच माणसे रांधतात. पहिल्या खेपेला पासानौरी किंवा स्तेपान्त्समिंदा निवडावे. मुक्काम करणार असाल तर मात्र तिसरा पर्याय सोडू नये.

त्बिलिसीहून सकाळी निघालेल्या सहलीच्या गाड्या दुपारी एक ते तीनच्या सुमारास एकदम जेवायला उतरतात. त्या वेळेत स्वयंपाकघरावर ताण येतो आणि आपल्याला न विचारता सर्व पदार्थ एकत्र आणून ठेवले जातात. म्हणून एक तर साडेअकरा-बाराला बसावे, नाही तर चार वाजता. याच रस्त्याने रशियाच्या सीमेकडे जाणाऱ्या मालमोटारींची मोठी रांग लागते, हेही हिशेबात धरावे; त्यामुळे ‘अमुक वाजता पोहोचूच’ असे धरून जेवणाचा बेत आखू नये. हिवाळ्यात बर्फ आणि हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे खिंड बंदही होते. तेव्हा निघण्याआधी रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

खानावळ निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. बाहेर किंवा मागच्या अंगणात मंगाली, म्हणजे मांस भाजण्याची लांबट लोखंडी शेगडी, आहे का आणि तिच्यात खरोखर विस्तव आहे का, ही पहिली. स्थानिक माणसे, विशेषतः दोन-तीन पिढ्यांचे एखादे कुटुंब, आत बसलेले आहे का, ही दुसरी. भिंतीवरच्या रंगीत छायाचित्रांवरून काहीच कळत नाही.

मुक्कामाला गेस्टहाउसमध्ये उतरला असाल आणि रात्री तिथेच जेवायचे असेल, तर सकाळी न्याहारीच्या वेळीच सांगून ठेवावे. आपल्याकडे कोकणात घरगुती खानावळीत कोंबडी हवी असल्यास आदल्या दिवशी सांगावे लागते, तसाच हा मामला आहे.

बसल्यावर, मागवण्याआधी

आत शिरताना ‘गामार्जोबा’ म्हणावे. हा नमस्कार आहे आणि त्याचे मूळ ‘विजय’ या अर्थाच्या शब्दात आहे. आभाराला ‘मादलोबा’. एवढ्या दोन शब्दांनी वाढणाऱ्या बाईंचा चेहरा खुलतो, हे मी दर वेळी अनुभवले आहे. तरुण मुलांना इंग्रजी येते. वयस्कर माणसांना बहुधा रशियन येते, इंग्रजी येईलच असे नाही. पदार्थांची यादी पुष्कळदा जॉर्जियन, रशियन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असते, पण आतल्या खोऱ्यांत यादीच नसते. तिथे घरात काय आहे ते तोंडी सांगितले जाते आणि त्यातून निवडायचे असते.

‘पुरी’ हा शब्द ऐकून गोंधळू नये. जॉर्जियन भाषेत पुरी म्हणजे रोटी, पाव. तोने नावाच्या खोल मातीच्या भट्टीत, आपल्या तंदूरप्रमाणेच, आतल्या भिंतीला कणीक थापून ती भाजतात. होडीसारखी दोन्ही टोके निमुळती असलेली रोटी म्हणजे शोतिस पुरी. ती गरम असतानाच तोडून खावी. थंड झाली की चिवट लागते. पहिल्या भुकेला या पुरीचेच अर्धे टोपले संपते आणि पुढच्या पदार्थांना पोटात जागा राहत नाही, म्हणून हात आवरता ठेवावा.

मांस कोणाचे, हे आधी विचारावे

मराठी प्रवाशासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती पुढे ढकलू नये. जॉर्जियात डुकराचे आणि गायीगुरांचे मांस सर्रास खाल्ले जाते. खिंकालीच्या सारणात तर पुष्कळदा दोन्ही मिसळलेले असते, आणि यादीत नुसते ‘मांसाची खिंकाली’ एवढेच लिहिलेले असते. ज्यांना यांपैकी एक किंवा दोन्ही वर्ज्य आहेत, त्यांनी अंदाजावर जाऊ नये.

काही शब्द कागदावर लिहून खिशात ठेवावेत. ‘घोरिस’ म्हणजे डुकराचे, ‘साकोन्लिस’ म्हणजे गुरांचे, ‘ख्बोस’ म्हणजे वासराचे, ‘त्सख्व्रिस’ म्हणजे मेंढीचे, ‘बात्कनिस’ म्हणजे कोकराचे आणि ‘कात्मिस’ म्हणजे कोंबडीचे. पुढे ‘खोर्त्सि’ जोडले की मांस. ‘कात्मिस म्त्सवादी’ म्हणजे सळईवर भाजलेली कोंबडी. ‘काल्माखी’ म्हणजे ट्राउट मासा. डोंगरी उपाहारगृहांत तो बहुतेक ठिकाणी मिळतो, अख्खा भाजून किंवा तळून देतात, आणि जे लाल मांस खात नाहीत त्यांच्यासाठी तो फार चांगला पर्याय आहे. कोंबडीत आणखी एक पदार्थ आहे, श्कमेरुली : तुकडे खरपूस तळून लसणाच्या दाट दुधी रश्श्यात मातीच्या पसरट भांड्यातून आणतात. लसूण मनमुराद असतो. कोल्हापूरकडच्या माणसाला तो सौम्य वाटेल, तरी पुरी बुडवून खाताना थांबवत नाही.

एकदा आमच्याबरोबर एक शाकाहारी मावशी होत्या. त्यांच्यासाठी आम्ही लोबियानी मागवली, कारण लोबियानी म्हणजे राजम्याचे सारण भरलेली रोटी, हे आम्हांला ठाऊक होते. दुसऱ्या घासाला त्यांच्या दाताखाली काही तरी वेगळे आले. राचा या प्रांताच्या पद्धतीत त्या राजम्यात डुकराच्या खारवलेल्या, धुरावलेल्या मांसाचे तुकडे घालतात आणि त्या खानावळीत तीच पद्धत होती. कोणी फसवले नव्हते. आम्हीच विचारले नव्हते. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त ताट बाजूला सारून पाणी प्यायल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी काही खाल्ले नाही. तेव्हापासून प्रत्येक पदार्थ मागवताना ‘यात मांस आहे का’ हे मी वेगळे विचारतो, पदार्थाचे नाव कितीही ओळखीचे असले तरी.

शाकाहारी माणसाने काय मागवावे

या देशात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, आणि याचे कारण धर्मात आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या दीर्घ उपवासकाळात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्या जेवणाला ‘सामार्ख्वो’ म्हणतात. हा एक शब्द शाकाहारी प्रवाशाने पाठ करावा. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्यावर समोरच्याला नीट उमगत नाही, पण सामार्ख्वो म्हटले की स्वयंपाकघरात लगेच कळते. केवळ मांस नको, दूध आणि चीज चालेल, असे असल्यास ‘उखोर्त्सो’ म्हणजे बिनमांसाचे, असे सांगावे. इथे एक सावधगिरी : मासा हा मांसात मोजायचा की नाही यावर आपले आणि त्यांचे मत जुळेलच असे नाही, तेव्हा मासाही नको असल्यास तेही बोलावे.

पदार्थांत पहिला मान लोबियोचा. राजम्यासारख्या दाण्यांची ही दाट उसळ, मातीच्या लहान मडक्यातच शिजून मडक्यातच पानावर येते. तिच्यात कोथिंबीर असते आणि एक मसाला असतो, उत्स्खो सुनेली. हा मसाला म्हणजे निळ्या फुलांच्या मेथीचे दाणे आणि शेंगा वाळवून केलेली पूड. नावाचा अर्थ ‘परका सुगंध’ असा आहे. पहिला घास घेताच नाकाला ओळखीची मेथी लागते, पण कडूपणा नसतो. याबरोबर म्चादी मागवावी : मक्याच्या पिठात पाणी आणि मीठ घालून, हातावर थापून, जाड भाजलेली भाकरी. पीठ मळताना हाताची ठेवण पाहिली की आपल्या घरातल्या बाईचीच आठवण होते, फक्त आपली भाकरी पातळ आणि फुगलेली, ही जाड आणि आतून ओलसर. मडक्यातला लोबियो, म्चादी, कापलेला कच्चा कांदा आणि जोंजोली नावाचे फुलांच्या कळ्यांचे लोणचे, हे जेवण मला कोणत्याही मांसाच्या ताटापेक्षा कमी वाटत नाही.

दुसरे, प्खाली : पालक, बीट किंवा कोबी उकडून, पिळून, वाटलेल्या अक्रोडात मळून केलेले गोळे, वर डाळिंबाचे दाणे. तिसरे, बद्रिजानी : तळलेल्या वांग्याच्या कापांत अक्रोडाचे वाटण गुंडाळलेले. अक्रोड हे तिथे आपल्या शेंगदाण्याच्या आणि खोबऱ्याच्या जागी आहे, असे समजले की अर्धे स्वयंपाकघर कळते. काही पदार्थांना पिवळसर रंग आणि मातकट वास येतो तो वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा. आपण तोरणात बांधतो तो झेंडू तिथे मसाल्याच्या डब्यात असतो, आणि त्याला ‘इमेरेतीचे केशर’ म्हणतात. ज्यांना कांदा-लसूण वर्ज्य आहे त्यांची मात्र अडचण होते. त्यांनी खाचापुरी, टोमॅटो-काकडीची कांद्याविना कोशिंबीर आणि फळे यांवर भागवावे.

खाचापुरी म्हणजे चीज भरलेली रोटी. तिचे प्रकार अनेक आहेत. डोंगरात खाबिझगिना अवश्य मागवावी. हा मूळचा ओसेती लोकांचा पदार्थ असून त्यात चीज आणि बटाटा एकत्र भरतात. आपल्या आलू पराठ्याशी तो नाते सांगतो, पण पारी जास्त पातळ आणि लोणी जास्त. चीज जमवण्यासाठी पारंपरिक पद्धतीत जनावराच्या जठरातला घटक वापरतात, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

एकदम सगळे मागवू नये

चार माणसांच्या टेबलावर पहिल्या फेरीला एक अक्रोडाची कोशिंबीर, एक खाबिझगिना, एक लोबियो आणि दोन म्चादी पुरे. एवढे येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जातात आणि तेवढ्यात बाकीच्या पदार्थांचा विचार होतो. पुढच्या फेरीत खिंकाली, आणि ती संपत आली की म्त्सवादी, असा क्रम ठेवावा. वाढणाऱ्याला हा क्रम आधीच सांगावा, नाही तर सगळे एकदम येते. तसे झाले की नुकसान निश्चित आहे : खिंकाली थंड झाली की पारी चामट होते आणि आतला रस गोठतो, मांस थंड झाले की चरबी पांढरी दिसू लागते, आणि दोन्हीपैकी एकाला थांबवून ठेवावे लागतेच.

खिंकाली नगावर मिळते आणि एका प्रकारची किमान पाच घ्यावी लागते, अशी बहुतेक ठिकाणी रीत आहे. माणशी तीन-चारपासून सुरुवात करावी. शेजारच्या टेबलावर एकेक माणूस पंधरा-पंधरा खाताना दिसेल. त्याने आपले प्रमाण ठरवू नये.

खिंकाली कशी खावी

उकडीच्या मोदकाला जशा कळ्या पाडून वर शेंडी काढतात, तसाच खिंकालीचा आकार असतो. फरक असा की हिची पारी गव्हाच्या घट्ट कणकेची असते, ती वाफेवर न ठेवता उकळत्या पाण्यात शिजवतात, आणि सारणातल्या मांसाचा रस आतच साठून राहतो. त्या रसातच तिची सगळी गोडी आहे, आणि खाण्याचे सगळे नियम तो रस वाचवण्यासाठीच आहेत. कळ्या जितक्या जास्त आणि सारख्या, तितका वळणाऱ्याचा हात चांगला. एकोणीस कळ्या ही चांगली खूण मानतात.

काटा-चमचा बाजूला ठेवावा. काटा टोचला की रस ताटात सांडतो आणि मग उरते ते नुसते पीठ आणि खिमा. ताटात आल्यावर वरून काळी मिरी भुरभुरावी आणि मिनिटभर थांबावे, कारण आतला रस जीभ भाजण्याइतका गरम असतो. मग शेंडी धरून खिंकाली उचलावी, उलटी करावी, बाजूने लहानसा चावा घ्यावा आणि त्या छिद्रातून आधी रस ओढून घ्यावा. रस संपला की उरलेली दोन-तीन घासांत खावी. शेंडी मात्र खाऊ नये. तिथे पीठाचे थर जाड असल्यामुळे ते कच्चट राहते. ती ताटाच्या कडेला ठेवतात आणि शेवटी शेंड्या मोजून कोणी किती खाल्ल्या ते कळते. जॉर्जियन भाषेत त्या शेंडीला कुणी ‘कुदी’ म्हणजे टोपी म्हणतात, कुणी ‘कुची’ म्हणजे पोट.

यादीत ‘खेव्सुरुली’ किंवा ‘म्तिउलुरी’ असे लिहिले असेल तर ती डोंगरी पद्धतीची : मांस, कांदा, मीठ, तिखट, जिऱ्यासारखा एखादा मसाला. ‘कालाकुरी’ म्हणजे शहरी पद्धतीची, तिच्यात पार्सली किंवा कोथिंबीर असते. डोंगरात आला आहात तर पहिली मागवावी. शाकाहारी माणसासाठी बटाट्याची, मशरूमची आणि चीजची खिंकाली असते. त्यांत मशरूमची सर्वांत रसदार. मात्र ती मांसाच्या खिंकालीच्याच पाण्यात उकळलेली असण्याची शक्यता असते. वेगळे पाणी हवे असल्यास मागणी देतानाच सांगावे लागते, आणि लहान खानावळीत ते होईलच असे नाही.

म्त्सवादी : निखाऱ्यांवरचे मांस

म्त्सवादी म्हणजे सळईवर भाजलेले मांस. आपण मराठी माणसे भाजलेल्या मांसाचा विचार करतो तेव्हा दही, आले-लसूण, तिखट, गरम मसाला लावून रात्रभर मुरवलेला तुकडा डोळ्यांपुढे येतो. म्त्सवादीत यांतले काहीही नसते. चांगल्या ठिकाणी मांसाला फक्त मीठ लागते. त्यामुळे पहिल्या घासाला पुष्कळांची निराशा होते, आणि तिथेच थोडे थांबून चावत राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. या पदार्थात चव येते ती मांसाच्या प्रतीतून, चरबीच्या थरातून आणि लाकडाच्या धुरातून.

स्नो खोऱ्यातल्या एका अंगणात साठीच्या आसपासच्या एका गृहस्थांना मी म्त्सवादी करताना सुरुवातीपासून पाहिले. त्यांनी प्रथम शेगडीत वाळक्या काड्यांचा भारा पेटवला. ज्वाळा कमरेएवढ्या उठल्या आणि दहा-बारा मिनिटांत बसल्या. ज्वाळा असेपर्यंत त्यांनी मांसाकडे पाहिलेही नाही. निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्यावर त्यांनी तळहात शेगडीवर आडवा धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग पत्र्याच्या तुकड्याने निखारे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरले. लिंबाएवढे तुकडे चपट्या सळयांना ओवलेले होते, दर दोन तुकड्यांमागे एक चरबीचा. सळया शेगडीच्या दोन्ही काठांवर टेकवून ते त्या सारख्या फिरवत होते. चरबी गळून जाळ उठला की प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला पाडलेल्या छिद्रातून पाण्याची बारीक धार त्या जागेवर सोडत, मांसावर थेंबही पडू न देता. शेवटी एका खोल भांड्यात कांद्याच्या चकत्या पसरल्या, पुरीच्या घडीत मांस धरून सळई सर्रकन ओढून घेतली, वर दुसरे भांडे पालथे घातले आणि सगळे दोन-तीनदा हलवले. गरम मांसाच्या वाफेने कांदा अर्धवट मऊ पडतो, आणि मांसाचा रस शोषलेला तो पुरीचा तुकडा त्यांनी आधी मला दिला. म्त्सवादीतला तो सर्वांत चांगला घास असतो. आपल्या ताटात तो आला तर बाजूला ठेवू नये.

जाळण्यासाठी सर्वांत मानाचे लाकूड म्हणजे द्राक्षवेलीच्या छाटणीच्या काड्या. पूर्वेकडच्या काखेती प्रांतात द्राक्षबागा पसरलेल्या आहेत आणि तिथे या काड्या घरोघरी साठवून ठेवतात. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना छाटणीनंतर बांधावर पडणारे ढीग आठवतील. तेच तिथे मांस भाजण्याचे इंधन आहे. काझबेगीच्या उंचीवर, सुमारे १७४० मीटरवर, द्राक्षे पिकत नाहीत, त्यामुळे तिथे या काड्या खालून आणलेल्या असतात किंवा दुसरे लाकूड वापरतात. गॅसवर किंवा तव्यावर केलेली म्त्सवादीही काही ठिकाणी देतात. तिच्यात धुराचा वास नसतो. मागवण्यापूर्वी निखाऱ्यावर करता का, असे विचारायला संकोच करू नये.

मागणी देताना आपल्याला मांस नीट शिजलेले हवे की नाही ते सांगावे. डुकराचे आणि कोंबडीचे पूर्ण शिजवूनच देतात. वासराचे कधी आत किंचित गुलाबी असू शकते. खटकल्यास परत देऊन ‘आणखी थोडे भाजा’ म्हणण्यात कमीपणा नाही. चारजणांना आधी म्त्सवादीच्या दोन ताटल्या पुरतात.

पहिले दोन घास कांदा आणि पुरीबरोबर खाऊन झाल्यावर त्केमालीकडे वळावे. हा आंबट अलुबुखारासारख्या फळाचा, लसूण आणि कोथिंबीर घातलेला पातळ सॉस आहे. हिरवा कच्च्या फळाचा आणि जास्त आंबट, लाल पिकलेल्या फळाचा. कैरीच्या चटणीची सवय असलेल्याला हिरवा अधिक आवडतो. ज्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही त्यांनी अजिका मागावी : मिरची, लसूण, मीठ आणि मसाल्यांचे हे वाटण आपल्या ठेच्याचा सख्खा भाऊ शोभेल. बरोबर आणलेला मसाला टेबलावर काढण्याआधी एकदा अजिका चाखून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.

जवळपासच्या पदार्थांत काबाबी आहे, म्हणजे खिम्याचा कबाब लवाश नावाच्या पातळ रोटीत गुंडाळून, वर कांदा आणि सुमाकची आंबट लाल पूड. यात मांस मिश्र असण्याचा संभव अधिक, तेव्हा इथेही विचारावे. स्वानेती या पश्चिमेकडच्या डोंगरी प्रांतातली कुब्दारी, म्हणजे चिरलेले मांस आणि मसाला भरलेली रोटी, काझबेगीतही कधी कधी मिळते. स्वानेतीचे मीठ मात्र पुडीत बांधून घरी आणण्यासारखे आहे : मीठ, लसूण, निळी मेथी, धने, झेंडू, मिरची असे एकत्र कुटलेले. वरण-भातावर चिमूटभर घालून पाहावे.

पिणे आणि शुभेच्छा

मातीचे मोठे रांजण जमिनीत पुरून त्यांत वाईन मुरवण्याची जॉर्जियाची पद्धत युनेस्कोने २०१३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. घरगुती वाईन सुरईतून येते. चाचा ही द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली दारू अतिशय कडक असते; आदराने पुढे केलेला पहिला पेला ओठाला लावून खाली ठेवला तरी कोणी रागावत नाही. गाडी चालवणाऱ्याने काहीही घेऊ नये. घाटाचा रस्ता वळणांचा आहे आणि कायदाही कडक आहे. न पिणाऱ्यांसाठी तार्खुना, म्हणजे टॅरागॉनच्या पानांचे हिरवे सरबत, नाशपातीचे लिमोनाती आणि बोर्जोमीचे खनिज पाणी आहे. बोर्जोमी खारट लागते, पण जड जेवणानंतर बरे वाटते.

शेजारच्या टेबलावर मेजवानी चालू असेल तर तिथला तमादा, म्हणजे शुभेच्छांचा सूत्रधार, उभा राहून एकेका विषयावर बोलताना दिसेल : शांतता, मातृभूमी, गेलेली माणसे, मुले. पाहुणा दिसला की ते आपल्यालाही बोलावतात. अशा वेळी आपला ग्लास, त्यात सरबत असले तरी, उचलून ‘गाउमार्जोस’ म्हणावे आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत घोट घेऊ नये. गेलेल्या माणसांसाठी ग्लास उचलला जातो तेव्हा हसण्या-बोलण्याचा आवाज खाली आणावा. बिअरने शुभेच्छा देऊ नयेत, असा एक जुना संकेत आहे. खिंकालीबरोबर बिअर पिणे मात्र सर्वमान्य.

बिल आणि निघणे

बिलाला ‘अंगारिशी’ म्हणतात. बिलात ‘मोमसाखुरेबा’ अशी ओळ असेल तर ती सेवाशुल्काची, बहुतेक वेळा दहा टक्के किंवा त्याहून थोडी जास्त. ती असल्यास वेगळी बक्षिसी देणे आवश्यक नाही. नसल्यास तेवढीच द्यावी. चलन लारी. स्तेपान्त्समिंदात कार्ड चालते, पण आतल्या खोऱ्यांत रोख रक्कम जवळ असायला हवी, आणि ती सुटी असावी.

ताटात काही उरले असेल तर बांधून मागावे. तिथे ते लाजिरवाणे समजत नाहीत. खाबिझगिना दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम केली की चांगलीच लागते. उरलेल्या खिंकालीला पुन्हा उकळत्या पाण्यात टाकू नये, ती फुटते. गेस्टहाउसच्या बाईंना सकाळी नुसते बोट दाखवले तरी त्या समजतात आणि लोण्यावर सगळ्या बाजूंनी तांबूस परतून देतात. तशी परतलेल्या खिंकालीची शेंडीसुद्धा कुरकुरीत होते आणि खाता येते.